पट्टी सोडण्याचा समारंभ

"डोकं पांढरं, अंग तांबडं, चोच आकड्यासारखी. काय ओळखलंस, खुडे?" नगराध्यक्षांनी विचारलं.

"घार हाय, साहेब."

"घार? अरे, घारीसाठी मी भरल्या ताटावरून उठून आलो असतो का? बाल्ड ईगल आहे हा. अमेरिकेचा गरुड!"

मी पिंजऱ्यात उकिडवा बसलो होतो. मांडीवर गोणपाटात गुंडाळलेलं ते पाखरू नगराध्यक्षांकडे, माझ्याकडे आणि एकूणच नगरपालिकेकडे अत्यंत रागानं बघत होतं. तासाभरापूर्वी ते धरणावरच्या एका मासेमाराच्या जाळ्यात अडकलं होतं. धडपडीत त्याचा डावा पंख मोडला, आणि मासेमारानं ते माझ्या हवाली केलं तेव्हा पाखरानं माझा अंगठा फोडला. रक्त माझं गळत होतं आणि कौतुक त्याचं चाललं होतं.

ही गोष्ट सत्तावीस वर्षांपूर्वीची. गावाचं नाव सांगत नाही, कारण पेन्शन अजून तिथूनच येते. नगरपालिकेची एक बाग होती आणि बागेच्या कोपऱ्यात प्राणिसंग्रहालय म्हणवून घेणारे सात पिंजरे. माकडं होती, साळिंदर होतं, पिसं झडलेला एक मोर होता, आणि हौदात एक मगर होती, जी जिवंत आहे की नाही यावर कॉलेजची पोरं पैजा लावायची. या सगळ्यांचा रखवालदार, आचारी आणि सुईण मी एकटाच, मच्छिंद्र खुडे. नऊ वर्षं रोजंदारीवर होतो. दर वर्षी मला "मार्चनंतर कायम करू" असं सांगितलं जायचं. मार्च वेळेवर येऊन जायचा.

नगराध्यक्ष भाऊसाहेब शिंगटे त्या दिवाळीत मुलाकडे न्यू जर्सीला जाऊन आले होते. काशीला जाऊन आलेला माणूस एखादं फळ तरी सोडतो. भाऊसाहेबांनी अमेरिकेहून येऊन काहीच सोडलं नाही, उलट तिकडचं सगळं धरून बसले. सभेत पाण्याऐवजी ज्यूस आला. गटाराच्या कामाला ते प्रोजेक्ट म्हणू लागले. आणि तिकडच्या एका बागेत त्यांनी एक लंगडा गरुड बघितला होता.

"तिकडे काय करतात माहीत आहे?" ते पिंजऱ्याच्या जाळीला नाक लावून मला सांगू लागले. "गरुड जखमी झाला, उडेनासा झाला, तर त्याला टाकून देत नाहीत. औषधपाणी करतात आणि लोकांना दाखवतात. शाळाच्या शाळा येतात. एक बाई जाडजूड मोजा घालून त्याला हातावर घेते, माहिती सांगते. माणसं टोप्या काढून उभी राहतात रे! आणि आपल्याकडे? माकडाला शेंगदाणे!"

"पर साहेब, अमेरिकेतनं ह्यो हितं आला कसा म्हणायचा?"

"स्थलांतर," भाऊसाहेब म्हणाले. त्यापुढे कुणी काही विचारायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. दर गुरुवारी जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मेधा तांडेल आमच्याकडे चक्कर मारायच्या. बाई जेमतेम अठ्ठावीस वर्षांची, मूळची अलिबागकडची. इकडे येऊन म्हशींच्या पोटात कोपरापर्यंत हात घालायची, आणि म्हशीसुद्धा तिला घाबरून असायच्या. पिंजऱ्यात पाऊल टाकलं आणि ती माहेरचं माणूस भेटावं तशी खुलली.

"अगं बाई, तू इकडे कुठे?" ती पाखराला म्हणाली. मग जाळीबाहेर उभ्या असलेल्या भाऊसाहेबांकडे वळली. "सर, ही ब्राह्मणी घार. आमच्या बंदरावर होड्या लागल्या की पन्नास-पन्नास येतात. आजी बोंबील वाळत घालायची, तेव्हा आम्हा पोरांना यांना हाकलायलाच बसवायची."

"मॅडम, तुम्ही अमेरिकेला गेला आहात?"

"नाही."

"मी गेलोय," भाऊसाहेब म्हणाले, आणि तो विषय तिथंच संपला. संध्याकाळपर्यंत पेंटरनं फळा रंगवून टांगला: 'अमेरिकन बाल्ड ईगल – जखमी. शिट्टी मारू नये.'

डॉक्टरीणबाईंनी फळ्याकडे बघितलं नाही. तिनं पंख चाचपला, डोळे मिटून बोटांनी हाडं मोजली. दोन हाडांपैकी एकच मोडलं होतं, दुसरं शाबूत होतं. तिनं पंख मिटवून आठच्या आकड्यात पट्टी गुंडाळली आणि ती अंगाभोवती बांधली.

"तीन आठवड्यांत जुळेल," ती मला म्हणाली. "पण ऐका, खुडे. आठ दिवसांनंतर दर तिसऱ्या दिवशी पट्टी सोडायची. पंख हळूहळू पूर्ण उघडायचा, मिटायचा, दहा वेळा. मग परत बांधायची. माणसाचा हात प्लॅस्टरमध्ये राहिला की कसा ताठतो? आपण चोळून-मोळून सैल करतो. हिचा सांधा एकदा आखडला की आखडला. मग ही आयुष्यभर कोंबडी. कळलं?"

"कळलं, मॅडम."

आणि मला ते खरंच कळलं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

गावाला मात्र वेगळंच कळलं. पहिल्या रविवारी दोन हजार माणूस आलं. तालुक्याच्या पेपरात 'सातासमुद्रापलीकडचा पाहुणा' असा मथळा आला, त्याखाली घारीचा फोटो आणि तिच्याहून मोठा भाऊसाहेबांचा. बायकांनी विष्णूचं वाहन म्हणून जाळीला हळदकुंकू लावलं. एका आजीनं तांदळाचे लाडू आणले आणि गरुड खात नाही म्हणून माझ्यावर डाफरली. गरुड धरणातली चिलापी खायचा, दिवसाला तीन, आणि काटे माझ्या अंगावर टाकायचा. पण सगळ्यांत भाव होता तो पट्टीला. पांढरीशुभ्र पट्टी छातीवर बांधून मान ताठ करून बसलेलं ते पाखरू लढाईवरून आलेल्या शिपायासारखं दिसायचं. लोक मुलांना उचलून दाखवायचे, "ती बघ पट्टी! कसा सोसतोय बघ!"

पट्टीच्या उजेडात मीही चमकू लागलो. नऊ वर्षं मला लोक माकडवाला म्हणायचे, ते गरुडवाले खुडे म्हणू लागले. चहावाला पैसे घेईना. घरी बायकोला हे सांगितलं, तर कलावती म्हणाली, "झुरळ दिसलं की खाटंवर चढताय, आन् म्हनं गरुडवाले!"

अशात भाऊसाहेबांना आणखी एक कल्पना सुचली. त्यांना कल्पना सुचली की सगळी नगरपालिका धास्तावायची.

"पालकमंत्री अठ्ठावीस डिसेंबरला येतायत," ते म्हणाले. "बागेच्या नव्या कमानीचं उद्घाटन आहे. पण फीत कापायची नाही. फीत सगळेच कापतात. मंत्रिमहोदयांच्या हस्ते गरुडाची पट्टी सोडायची! पट्टी सुटली, की गरुडाची आकाशात झेप. इकडे बँड. काय?"

"लई भारी, साहेब," मी म्हणालो. त्या वेळी मला ते खरोखर भारी वाटलं होतं.

आठ दिवस झाले तसा मी दर तिसऱ्या दिवशी सकाळी सातला, बाग उघडायच्या आत, पट्टी सोडू लागलो. घार आधी चावायची. मग चावेनाशी झाली. मग पट्टी सोडली की स्वतःच पंख पुढे करू लागली, हे आवडायला लागलेल्या माणसासारखी. बाविसाव्या दिवशी गुरुवार होता. डॉक्टरीणबाई लवकर आली होती. मी पट्टी सोडली, पंख उघडला, तोच घारीनं हिसका दिला, माझ्या तोंडावर वाऱ्याचा फटका बसला, आणि वर बघतो तर घार बारा फुटांवर, पिंजऱ्याच्या सगळ्यांत वरच्या दांड्यावर! दोन्ही पंख उघडून, सारखे. ती किंचाळली. मीही किंचाळलो.

"जुळलं, खुडे! हाड जुळलं!" बाई टाळ्या पिटत होती. "आता पट्टी नकोच. आठ दिवस इथंच उडू दे, ताकद भरू दे. मग आपण दोघं धरणावर नेऊन सोडू हिला."

आयुष्यात मला फार थोड्या गोष्टी धड करता आल्या. ही आली होती. मला रडूच यायला लागलं.

"कुणी सोडली?" मागून आवाज आला. भाऊसाहेब सकाळच्या फेरफटक्याला बागेत आले होते, सोबत बागेचा कारकून. "कुणी सोडली पट्टी? उद्घाटनाआधीच उद्घाटन?"

"सर, पक्षी बरा झालाय," बाई म्हणाली.

"मॅडम, बरा झालेला पक्षी बघायला कोण येईल? आणि मंत्र्यांनी मग सोडायचं काय, माकड? दहा दिवसांचा तर प्रश्न आहे."

"दहा दिवस बांधायची असेल तर बांधा. पण तिसऱ्या दिवशी सोडून पंख हलवायलाच हवा. नाहीतर उडणार नाही हा."

"अहो, हलवा की! आम्ही काय पंखाचे दुश्मन आहोत?"

त्यांनी हे इतक्या गोड आवाजात म्हटलं, की बाईचा विश्वास बसला. दुसऱ्या दिवशी तिला लाळ-खुरकताच्या लसीकरणासाठी शेजारच्या तालुक्यात पाठवलं, दीड-दोन महिन्यांसाठी. जाताना ती मला पुन्हा बजावून गेली, "तिसरा दिवस, खुडे."

तिची जीप वळणाआड गेली असेल-नसेल, तोच कारकून आला. त्याच्या हातात लाल साटीनची फीत, लाखेची कांडी, मेणबत्ती आणि नगरपालिकेचा शिक्का होता. मला वाटलं काही टपाल असेल. त्यानं मला घार धरायला लावली, मी परत बांधलेल्या पट्टीच्या गाठीवरून लाल फीत बांधली, फितीच्या टोकांवर लाख वितळवली आणि मतपेटीला मारतात तसं सील मारलं. मग वहीत माझी सही घेतली: 'सील सुस्थितीत ताब्यात मिळाले.'

"आन् तिसऱ्या दिवशी सोडायची ती?" मी विचारलं.

"सील तोडायचं असेल तर साहेबांचा लेखी हुकूम आण," कारकून म्हणाला. "शासकीय सील आहे. चेष्टा नाही."

मी भाऊसाहेबांकडे गेलो. त्यांनी मला चक्क खुर्ची दिली. नऊ वर्षांत पहिली.

"खुडे, तुझा कायम करायचा ठराव सभेत मांडलाय," ते म्हणाले. "ऑर्डर मंत्र्यांच्याच हस्ते देणार, त्याच स्टेजवर. एका हातानं गरुडाला मोकळं करायचं, दुसऱ्या हातानं तुला कायम करायचं. आता दहा दिवस तुझ्याच्यानं ते सील सांभाळवत नसेल, तर सांग. सभेला तसं कळवतो."

"सांभाळतो की, साहेब," मी म्हणालो.

दहाच दिवस, मी मनाशी हिशेब केला. दहा दिवसांत काय आखडतंय?

अठ्ठावीस डिसेंबरला मंत्री आले नाहीत. नागपूरचं अधिवेशन लांबलं. नवी तारीख चार जानेवारी. चार तारखेला त्यांच्या पाहुण्यांत लग्न निघालं. मग संक्रांतीनंतर. संक्रांतीनंतर त्यांचा पाय मुरगळला, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना विश्रांती सांगितली. त्यांचा पाय बांधला होता तो मात्र रोज सोडून चोळत असतील. मग कुठल्याशा पोटनिवडणुकीची आचारसंहिता लागली. प्रत्येक वेळी निरोप एकच यायचा, "आता चारच दिवस." आणि प्रत्येक वेळी मी म्हणायचो, एवढे काढले, चार काय जड आहेत? कुणी मला एकदम दोन महिने सांगितले असते, तर मी त्याच दिवशी सील फोडलं असतं. निदान मला तसं वाटायला आवडतं.

घार बदलत चालली. आधी पट्टी चोचीनं ओढायची, मग ओढायची थांबली. चिलापी दोनवर आली. गर्दी मात्र वाढत होती. लाल फितीवरचं सील बघायला आता शेजारच्या जिल्ह्यातून माणसं यायची.

जानेवारीच्या शेवटी दूध संघाच्या गाडीचा ड्रायव्हर बागेच्या फाटकावर थांबला आणि त्यानं माझ्या हातात घडी केलेला कागद दिला. "तांडेल मॅडमनी दिलाय. म्हनल्या, हातात द्या." चिठ्ठी चार ओळींची होती, अजून पाठ आहे.

'खुडे, पट्टीला सील मारल्याचं आज ड्रायव्हरकडून कळलं. सील असो वा काही असो, आजच्या आज कापा आणि पंख हलवायला लागा. अजून वेळ आहे. कुणी विचारलं तर हा कागद दाखवा, जबाबदारी माझी. – मेधा तांडेल.'

दुपारी बारा ते तीन बाग बंद असायची. मी फाटकाला कडी घातली, ड्रेसिंगची कात्री घेतली आणि पिंजऱ्यात गेलो. घार जमिनीवर बसली होती. मी गाठ हातात धरली तरी ती चावली नाही. फितीखाली कात्रीचं पातं घातलं. सील वाळून तडकलंच होतं, नुसतं चेपलं असतं तरी पडलं असतं. आणि माझ्या खिशात सरकारी डॉक्टरचा कागद होता, सही-तारखेसकट. एवढं कवच तर कर्णाकडे नव्हतं.

मी तसाच बसून राहिलो. कुणी तरी येईल असं वाटत होतं. कुणी यायला हवं होतं, म्हणजे दोष द्यायला एक माणूस मिळाला असता. कुणी आलं नाही. सकाळीच निरोप आला होता की मंत्री सोमवारी नक्की येणार. आज गुरुवार. मी मनात सोमवारपर्यंतचे दिवस मोजले. चार भरले.

मी कात्री काढून घेतली.

चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली. घरी कलावतीला त्या कागदाबद्दल बोललो नाही. ती काय म्हणेल हे मला ठाऊक होतं आणि तेच ऐकायचं नव्हतं. सोमवारीही मंत्री आले नाहीत. चिठ्ठी मात्र मी रोज एका शर्टातून काढून दुसऱ्या शर्टात ठेवत राहिलो. फाडून टाकायचा धीर होत नव्हता.

शेवटी चौदा फेब्रुवारीला मंत्री आले. सील मारल्याला छप्पन्न दिवस झाले होते. मांडव, बँड, लेझीम, हजारो माणूस. वीजमंडळाच्या लाइनमनचा रबरी मोजा मंत्र्यांच्या हातात चढवला होता, अमेरिकेतल्यासारखा. मी घार घेऊन स्टेजवर गेलो. भाऊसाहेबांनी चांदीच्या तबकातून कात्री पुढे केली. मंत्र्यांनी फीत कापली, सील पडलं, टाळ्या झाल्या. पट्टी मी सोडवली. आतून कुबट वास आला. पंख जसा बांधला होता तसाच, अंगाला चिकटून राहिला.

"एक, दोन, तीन!" भाऊसाहेब माइकवरून ओरडले, आणि मंत्र्यांनी घार आकाशात फेकली.

उजवा पंख पुरा उघडला. डावा अर्ध्यावर येऊन अडकला, काडी मोडलेल्या छत्रीसारखा. हवेत ती एकदा गिरकी खाऊन उलटी झाली आणि धप्पकन ढोलवाल्यापुढे पडली. त्याचा टोला हातातच राहिला. सगळा मांडव गप्प झाला. घार उठली, पिसं झटकली आणि चालू लागली. लाल गालिच्यावरून, मंत्र्यांच्या खुर्चीपुढून, पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांच्या बुटांजवळून ती चालत चालत आपल्या पिंजऱ्यापाशी गेली, उघड्या दारातून आत शिरली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

मला वाटलं, आता सगळं संपलं. खरं सांगायचं तर बरं वाटलं. आता कुणी तरी विचारेल, मला सांगावं लागेल आणि हे ओझं उतरेल.

"बंधू आणि भगिनींनो!" भाऊसाहेबांचा आवाज दाटून आला होता. "बघितलंत? सारं आकाश मोकळं होतं! पण हा अमेरिकेचा गरुड आपल्या गावाला सोडून जायला तयार नाही! मुक्या जिवाला या मातीचा लळा लागला!"

टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की मगरसुद्धा हौदात हलल्याचं नंतर लोकांनी सांगितलं. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. बँड वाजू लागला. मंत्र्यांचा चेहरा एव्हाना पडला होता, तो वर आला. आणि हा लळा लावणारा माणूस कोण, तर आपले खुडे, म्हणून मला पुढे ओढलं गेलं. खांद्यावर शाल, हातात नारळ, वर पाकीट. पाकिटात कायम केल्याची ऑर्डर.

"दोन शब्द बोला, खुडे," भाऊसाहेबांनी माइक माझ्या तोंडाशी धरला.

समोर हजारो माणसं. कलावती तिसऱ्या रांगेत, नवं लुगडं नेसून, डोळ्यांत पाणी घेऊन. मी घसा खाकरला.

"लळा लागला हाय त्याला," मी म्हणालो.

ती घार त्यानंतर अकरा वर्षं आमच्याकडे होती. शाळाच्या शाळा आल्या. पुढे फळा बदलून खरं नाव लिहिलं गेलं, तेव्हा गर्दी आटली. ती दिवसभर पिंजऱ्यात चालायची, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि मी कायम नोकरीत असल्यामुळे मला ते रोज बघता यायचं. वर एखादी घार ओरडली की ती थांबायची, मान वाकडी करून बघायची. मी त्या वेळी पिंजरा झाडायचं काम काढायचो.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी मांडव रिकामा झाल्यावर मी पिंजऱ्यात गेलो, तर आत डॉक्टरीणबाई होती. जीपमधून उतरून तशीच आली होती, चपलांना शेण, केसांत धूळ. समारंभाला ती पोचलीच नव्हती, सगळं फाटकावर ऐकलं होतं. घार तिच्या मांडीवर होती. बाई अंगठ्यानं तो पंख हळूहळू उघडत होती. अर्ध्यावर आला की थांबायचा. तिनं तीन वेळा करून बघितलं.

"सांधा गेला," ती म्हणाली.

मी पाण्याचं भांडं उचलून कोपऱ्यात ठेवलं.

"खुडे, मी चिठ्ठी पाठवली होती. दूधगाडीच्या ड्रायव्हरबरोबर. जानेवारीत."

चिठ्ठी खिशातच होती. शालीखाली, ऑर्डरच्या पाकिटाला लागून. मला तिची घडी छातीवर टोचत होती.

"मिळाली ना तुम्हाला?"

"न्हाई, मॅडम," मी म्हणालो. "कसली चिठ्ठी?"

तिनं माझ्याकडे बघितलं. ती संशयानं बघेल अशी माझी तयारी होती. त्यावर काय बोलायचं तेही ठरलं होतं. पण तिच्या तोंडावर संशय नव्हताच. तिचा चेहरा हळूहळू कोसळत गेला.

"म्हणजे त्यानं दिलीच नाही," ती पुटपुटली. "आणि मी तिकडे निर्धास्त. पन्नास किलोमीटर तर होतं. एक रविवार सुट्टी मिळाली होती मला, खुडे. म्हटलं, येऊन बघून जावं. आणि दमले होते म्हणून झोपले. दिवसभर झोपले मी." तिच्या डोळ्यांतून पाणी घारीच्या पाठीवर पडत होतं. "तुम्ही पहाटे उठून हिला उडायला शिकवलंत. आणि मी एका चिठ्ठीवर सोडून दिलं. माझी चूक आहे. मला माफ करा."

आताही सांगता आलं असतं. खिशात हात घालायचा, एवढंच काम होतं. घार माझ्याकडे बघत होती. निदान मला तसं वाटलं. मी शाल नीट केली.

"जाऊ द्या, मॅडम," मी म्हणालो. "मानसाच्या हातनं चूक हुतीच. मनाला लावून घिऊ नगा."

तिनं डोळे पुसले, घार माझ्या हातात दिली आणि माझे आभार मानले.